लेक निघाली बर्फाच्या डोंगरात

नागपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी खासगी कंपनीत कामाला आहे. वर्षभर पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून तिने पैसे जमवले आणि येत्या जानेवारीत ती मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात, बर्फाच्या डोंगरावर, तंबूत राहायला निघाली आहे. ताई लिहितात की आम्ही कुडाच्या घरात, गळक्या छपराखाली दिवस काढले. पक्के घर व्हावे म्हणून हाडाची काडे केली. आणि आता पोरगी पैसे मोजून थंडीत उघड्यावर झोपायला चालली आहे, तर तिला पाठवावे की नाही?

ताईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याने नाइलाजाने थंडी सोसली त्याला हौसेची थंडी कळायला वेळ लागतो. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे. ताई, लेकीला जाऊ द्या. मात्र जाण्याआधी दोन-तीन गोष्टी घरात बसून बोलून घ्या. त्या गोष्टी मुलीच्या हाती जितक्या आहेत, तितक्याच तुमच्या हाती आहेत.

डोंगर म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, हा समज आता सोडून द्यावा. 25 मे 2014 रोजी तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांमधली दोन मुले एव्हरेस्टवर पोचली. मालावत पूर्णा ही शेतमजुराची आदिवासी मुलगी तेव्हा 13 वर्षे 11 महिन्यांची होती, आणि तिच्यासोबत होता दलित कुटुंबातला आनंद कुमार. मे 2018 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला या गोष्टीचे मोल सांगायला नको. ही मुले एका रात्रीत तिथे गेली नाहीत. आधी जवळच्या खडकांवर सराव, मग बर्फातला सराव, मग मोठा डोंगर, अशी पायरीपायरीने गेली. आपल्याला एव्हरेस्टवर जायचे नाही, पण पायऱ्या त्याच आहेत.

ताईंची मुलगी निघाली आहे केदारकंठाला. नवख्या माणसाने बर्फात राहण्याची सुरुवात करावी अशी ही जागा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगते. दिल्लीमार्गे रेल्वेने देहरादून गाठायचे. तिथून जीपने मसुरी, पुरोला, मोरी, नेटवाड असे सुमारे 200 किलोमीटर गेले की सांक्री हे गाव लागते. रस्ता घाटाचा, पोचायला दहा तास लागतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आणि पिशवी जवळ ठेवावी. सांक्री सुमारे 6,400 फुटांवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे जिथून चढायला सुरुवात करायची, ते गावच कळसूबाईच्या वर! देवदाराच्या लाकडाची घरे, सफरचंदाच्या बागा, राजम्याची शेती. लोक कष्टाळू आणि बोलायला मोकळे.

पहिल्या दिवशी पाइन आणि ओकच्या जंगलातून चढून सुमारे 9,100 फुटांवरच्या जुडा का तालाब या तळ्याकाठी मुक्काम असतो. हे तळे जानेवारीत गोठलेले असते. गोठलेले आहे म्हणून त्यावर नाचायला जाऊ नये, बर्फाचा थर किती जाड आहे हे वरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी 11,000 फुटांच्या थोडे वरच्या तळावर मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघून 12,500 फुटांचे शिखर गाठायचे आणि त्याच दिवशी खाली जंगलातल्या मुक्कामावर उतरायचे. चौथ्या दिवशी पुन्हा सांक्री. वरच्या तळावर रात्री पारा उणे 10 अंशांच्या आसपास जातो, कधी त्याहून खाली. नागपुरात 8 अंश झाले की आपण शेकोट्या पेटवतो, त्यावरून अंदाज करावा.

नाताळ ते नवे वर्ष या आठवड्यात मात्र तिकडे जाऊ नये. तेव्हा वाटेवर जत्रेसारखी रांग लागते आणि बर्फाचा चिखल होतो. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुरू होते, तेव्हा तारीख ठरवून त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे. परतीच्या तिकिटात एक दिवस मोकळा ठेवावा. बर्फ पडला की जीपचा रस्ता बंद होतो आणि मग परतीची गाडी चुकेल या घाईपायी माणसे नको ते धाडस करतात.

आता कपड्यांचे. थंडीत अंगावर जाड एकच कोट घालण्यापेक्षा पातळ-पातळ तीन थर घालणे बरे. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. मुक्कामावर बसताना घालायला एक पिसांचे किंवा रुईसारख्या भरणाचे जाड जाकीट वेगळे. आपल्याकडे घरोघरी सुती बनियन वापरतात, ते घरीच ठेवावे. सुती कापड घाम पिते आणि वाळत नाही. चढताना घाम येतो, थांबल्यावर तो गार पडतो आणि अंगातली ऊब खेचून घेतो. बर्फात माणूस थंडीपेक्षा ओलेपणाने आजारी पडतो, हे मुलीच्या डोक्यात पक्के बसू द्या. चालायला लागण्याआधी एक थर काढावा, थोडी थंडी वाजली तरी चालेल. थांबल्याबरोबर पुन्हा चढवावा. यात आळस करू नये.

हे सगळे विकत घेण्याची गरज नाही. बूट, बर्फात पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते, पोटरीवर चढवायचे आवरण, जाड जाकीट, काठी हे सारे सांक्रीत भाड्याने मिळते. हिवाळ्यात आपल्या शहरांतून तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला लोकरीचे कपडे विकायला बसतात, त्यांच्याकडचा स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे चांगले चालतात. बूट भाड्याने घेतले तरी मोजे स्वतःचे घ्यावेत, आणि बूट एक नंबर मोठा घ्यावा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि बोटे बधिर पडतात. गडद काळा चष्मा विसरू नये. ताज्या बर्फावरून सूर्याचे किरण उलटून डोळ्यांत जातात. दिवसभर उघड्या डोळ्यांनी चालले की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. एक गंमत सांगते. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका. ते आपल्याकडेच डिसेंबरात थिजते, तिकडे दगड होते. ओठांना आणि गालांना व्हॅसलीन न्यावे.

झोपेचीही एक रीत आहे. तंबूत अंथरुणापेक्षा अंगाखालच्या चटईचे महत्त्व जास्त, कारण बर्फाळ जमीन अंगाखालून ऊब ओढते. झोपताना दिवसाचे कपडे पूर्ण बदलावेत, मोजे तर नक्कीच. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण नीट तपासून, ती मोज्यात घालून पायाशी घ्यावी. सकाळी तेच पाणी प्यायला होते. मोबाईल आणि बॅटरीचे सेल थंडीत लवकर मरतात, ते झोपण्याच्या पिशवीतच ठेवावेत. पाण्याची दुसरी बाटली बाहेर ठेवली तर उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत येते, त्यामुळे बूच मोकळे राहते.

आणि एक गोष्ट मी अगदी बजावून सांगते. तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, स्टोव्ह, निखारे, काहीही पेटवायचे नाही. ऊब यावी म्हणून लोक कोळशाची अंगीठी आत घेतात आणि सकाळी उठत नाहीत. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, तोच हा वायू. सांक्रीत घरगुती मुक्कामात कुणी प्रेमाने शेगडी आणून दिली तरी झोपण्याआधी ती बाहेर काढावी. थंडीत एक घोट घेतला की ऊब येते, हेही तसेच घातकी. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेवढ्यापुरते गरम वाटते आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. दारूने घर उबदार झाल्याचे आपण कधी पाहिले नाही, मग तंबू कसा होईल?

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे येते.

उंचावर हवा विरळ होते. आठ-नऊ हजार फुटांच्या वर कुणालाही डोके दुखणे, मळमळ, जेवण नको वाटणे, झोप न लागणे हा त्रास होऊ शकतो. तो तरण्याला होतो, धट्ट्याकट्ट्याला होतो, कधी बारीक अंगाच्या मुलीला होत नाही आणि पैलवानाला होतो. त्यात कमीपणा काही नाही. असा त्रास सुरू झाला की वर चढायचे नाही, तिथेच थांबायचे. थांबून वाढला, तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचे. हजार-दोन हजार फूट उतरणे हे त्यावरचे पहिले औषध आहे. गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरला विचारून, आधीच. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरला सांगावे.

इतके सोपे आहे, तर मग माणसे का बळी पडतात? बहुतेक वेळा सांगत नाहीत म्हणून. आणि आपल्या घरातली मुले तर मुळीच सांगणार नाहीत. का, ते मी सांगते. ज्या घरात वह्या-पुस्तकांचे पैसे मोजून-मापून मिळाले, ज्या घरात ताटात टाकलेला घास पाप समजला, त्या घरातल्या मुलीने वर्षभर पै-पै जमवून हे पैसे भरलेले असतात. डोके ठणकत असते, पोटात ढवळत असते, पण मनात एकच घोकणे चालते की आता परत फिरले तर पैसे वाया गेले. आईला काय सांगू? शेजारी काय म्हणतील? श्रीमंताच्या मुलाला परत फिरायला काही वाटत नाही, तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. आपल्या मुलीला वाटते की हे एकदाच मिळणार आहे. हा विचार उणे 10 अंशांच्या थंडीपेक्षा मला जास्त भीतीचा वाटतो.

तेव्हा ताई, निघण्याआधी तिला समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगा की शिखर दिसेना का, अर्ध्या वाटेवरून परत ये, एका मुक्कामावरून परत ये, पैशांचे नाव काढणार नाही. वडिलांनीही हे सांगावे. हे बोल तिच्या बॅगेतल्या कुठल्याही लोकरीपेक्षा तिला जास्त उबदार ठेवतील. आणि परत आल्यावर कुणी पाहुण्याने विचारले, की मग काय, शिखरावर गेलीच नाहीस का, तर उत्तर तुम्ही द्या, तिला देऊ देऊ नका.

डोंगरात हवामान कुणाचे ऐकत नाही. जून 2024 मध्ये, भर उन्हाळ्यात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्त्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला. नऊ जण थंडीने गेले. त्यांत अनुभवी माणसे होती. जून महिना असताना ही गत, तर जानेवारीत आभाळ बदलले की म्होरक्याने परत फिरा म्हटल्यावर वाद घालायचा नाही.

दुसरी बोलायची गोष्ट आपल्या विदर्भातल्या वाचकांसाठी फार महत्त्वाची आहे. सिकलसेल. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो, हे नागपुरातल्या डॉक्टरांनी 1950 च्या दशकापासून नोंदवलेले आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आता पाहा, बर्फाच्या डोंगरावर काय काय एकत्र येते? विरळ हवा, कडाक्याची थंडी, दमछाक आणि पाणी कमी पिणे. सिकलसेलच्या रुग्णाला कळा सुरू व्हायला यातली एकेक गोष्ट पुरेशी आहे. ज्याला हा आजार आहे त्याने अशा उंचीवर जाऊ नये. यात धीराचा प्रश्नच नाही.

पण खरी मेख वाहकाची आहे. ज्याच्या अंगात हा दोष आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूने आला, तो माणूस एरवी ठणठणीत असतो. कामाला जातो, खेळतो, त्याला काही कळतही नाही. अशा माणसाला मैदानात त्रास होत नाही, पण उंचावर क्वचित पानथरीचा रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली जबर दुखू लागते. बरोबरचे म्हणतात गॅस झाला असेल, ओवा खा. तेवढ्यात वेळ जातो. अशी कळ आली तर एकच करायचे, खाली उतरायचे आणि इस्पितळ गाठायचे. म्हणून ज्यांच्या नात्यात कुणालाही सिकलसेल आहे, आणि ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही, त्यांनी डोंगराचे पैसे भरण्याआधी रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. 1 जुलै 2023 रोजी देशभराची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तीत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. वाहक निघाला म्हणून घाबरायचे कारण नाही. डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा, कमी उंचीचा मुक्काम निवडावा, बर्फ तिथेही मिळतो. शिवाय ही तपासणी डोंगरापुरती नाही, लग्न जमवतानाही तिचा उपयोग आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

दमा, हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरला विचारावे. करोनाच्या काळात, 2020-21 मध्ये, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत आला. तो कपाटात पडून असेल तर सेल बदलून मुलीच्या बॅगेत टाका. मात्र आकड्यावरच विसंबू नये. थंड बोटावर तो चुकीचाही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस झोकांड्या खातो आहे, तर माणसावर विश्वास ठेवावा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. तंबूच्या मुक्कामावर शौचालय म्हणजे खड्ड्यावर उभारलेला छोटा तंबू. रात्री बर्फात तिकडे जायला नको म्हणून मुली दुपारपासून पाणी पिणे बंद करतात. गावाकडे आणि वस्त्यांमध्ये आपल्या आया-बहिणींनी हेच केले आणि मूत्राचे विकार पत्करले. उंचावर तर दिवसाला तीन-चार लिटर पाणी हवेच, ते कमी पडले की डोकेदुखी आणि बाकीचे सारे मागे लागते. पाणी प्यावे, आणि रात्री उठावे लागले तर मैत्रिणीला उठवावे, लाजू नये. पाळीची तारीख जुळत असेल तर न लपवता तयारीने जावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, बंद पिशवीत घालून परत खाली आणायचे. बर्फात पुरलेले काहीही उन्हाळ्यात वर येते आणि तेच पाणी खालच्या गावाच्या झऱ्याला जाते.

कोणाबरोबर जावे? स्वस्तात स्वस्त कोण, एवढ्यावर ठरवू नये. फोन करून सरळ विचारावे. म्होरक्याने गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का? प्राणवायूचे नळकांडे वरच्या तळावर असते का, की खाली सांक्रीत? मुलींचे तंबू वेगळे आहेत का? एखादी आजारी पडली तर तिच्याबरोबर खाली कोण उतरणार? वनखात्याचा परवाना कोण काढणार? जो या प्रश्नांना वैतागेल त्याला पैसे देऊ नयेत. 1949 साली स्थापन झालेली यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था माफक दरात हिमालयातल्या पदभ्रमणाच्या मोहिमा काढते, तिच्याकडे चौकशी करावी. ज्या मुला-मुलींना हे शिक्षण म्हणूनच घ्यायचे आहे त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, 1965 सालची. तिथला प्राथमिक अभ्यासक्रम 28 दिवसांचा असतो.

पैशांची जमवाजमव भिशीसारखी करावी. दहा महिने दीड-दीड हजार टाकले तर पंधरा हजार होतात. प्रवास, संस्थेची फी आणि भाड्याचे सामान यांचा मेळ काटकसरीने बसतो. त्यातून थोडी रक्कम आधीच वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि त्यावर परत फिरण्याचे पैसे असे लिहावे. मध्येच एकटीला खाली उतरून जीप करावी लागली, एक रात्र मुक्काम करावा लागला, तर हे पाकीट. रोख न्यावी. पुरोल्याच्या पुढे एटीएमचा आणि मोबाईलचा भरवसा धरू नये, तेव्हा दोन दिवस फोन आला नाही म्हणून घरच्यांनी रडारड करू नये. कोणत्या दिवशी कोणत्या मुक्कामावर असणार याचा कागद भिंतीवर लावून ठेवावा आणि सांक्रीतला एक फोन नंबर घ्यावा.

शरीराची तयारी तीन महिने आधी. रोज तासभर भरभर चालणे, आणि पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घेऊन जिने चढणे-उतरणे. चार मजली इमारत असेल तर तोच आपला डोंगर. डिसेंबरात चिखलदऱ्याला किंवा नाशिककडच्यांनी कळसूबाईला एक रात्र तंबूत काढून पाहावी. बूट कुठे चावतो, पिशवीत झोप लागते का, रात्री कशाची गरज पडते, हे तिथेच कळते. बर्फात कळून उपयोग नाही.

खाण्याचे हाल होत नाहीत. वरच्या तळावर स्वयंपाकाचा वेगळा तंबू असतो, गरम डाळभात, राजमा, खिचडी, सूप मिळते. भूक नसली तरी खावे. घरून तिळगुळाच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, खजूर द्यावेत. जानेवारीत तीळ तर घरात असतोच, आणि शरीराला ऊब देणारे याहून स्वस्त काही नाही. भाकरी देऊ नका, ती तिकडे कौल होते. सुकटाची चटणी कितीही आवडली तरी चार जणींच्या बंद तंबूत ती उघडू नये. मैत्री टिकवायची असते.

या वाटांवर सामान वाहणारी माणसे आणि खेचरे असतात. महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी कायदा झाला तो पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठीच, आणि आपल्यातल्या किती घरांची चूल त्या ओझ्यावर पेटली आहे हे वेगळे सांगायला नको. तेव्हा आपल्या मुलीने निदान हे करावे. ठरल्यापेक्षा जास्त ओझे टाकू नये, वाहणाऱ्याच्या पायात धड बूट आणि अंगावर कोट आहे का हे पाहावे, त्याचे नाव विचारावे आणि त्याला अरे-कारे करू नये. चहा आधी त्याला मिळाला तरी आपले काही जात नाही.

इतके सगळे वाचून कुणाला वाटेल की यात मजा कुठे आहे? मजा आहे, आणि ती दुसरीकडे मिळत नाही. ताजा बर्फ पडून गेल्यावर जंगलात जी शांतता पसरते ती आपल्या वस्तीत, भोंग्यांच्या आणि गाड्यांच्या आवाजात वाढलेल्या मुलीला पहिल्यांदा ऐकू येते. होय, ऐकूच येते. बुटाखाली बर्फ करकर वाजतो, कापूस पिंजल्यासारखा फांद्यांवरून खाली येतो. सकाळी तंबूभोवती कोल्ह्याच्या किंवा सशाच्या पावलांची रांग दिसते, रात्री कोण येऊन गेले ते कळते. साडेपाचला दिवस मावळतो, सातला जेवणे उरकतात आणि मग बारा तासांची रात्र उरते. एवढी मोठी रात्र आपल्या घरात कुणाच्या वाट्याला येते? बाईच्या तर नाहीच. त्या रात्री चौघी मैत्रिणी पिशव्यांत गुरफटून गाणी म्हणतात, भेंड्या लावतात, कधी न बोललेले बोलतात. आभाळ स्वच्छ असेल तर पाच मिनिटे बाहेर येऊन मान वर करावी. मृग नक्षत्र, त्याच्याखाली लखलखणारा व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका. शहरात हे सगळे दिव्यांच्या उजेडात बुडालेले असते. शिखराच्या पहाटे समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग या पर्वतांवर ऊन उतरते, आधी टोकावर तांबूस, मग खाली पसरत पसरत पांढरेशुभ्र. दहा मिनिटांचा खेळ असतो. तेवढ्या वेळात मोबाईल कमी काढावा, हातमोजा काढला की बोटे गारठतात.

सांक्रीला परतल्यावर भाड्याचे सामान तपासून परत करावे, अनामत रक्कम मोजून घ्यावी. ओले मोजे आणि थर्मल पिशवीत कोंबून तीन दिवसांच्या प्रवासाला निघू नये, देहरादूनला वाळवावेत. हाताची-पायाची बोटे दोन-तीन दिवसांनंतरही बधिर असतील, त्यांवर पांढरट किंवा काळपट डाग असेल, तर घरी शेकत बसू नये, चोळू तर मुळीच नये. डॉक्टरला दाखवावे. आणि गावाकडून येताना सांक्रीचा किलोभर राजमा आणायला मुलीला आधीच सांगून ठेवा. तो रात्रभर भिजवून, आले-लसूण जास्त घालून, मंद आचेवर शिजवावा.